चित्राचं नाव शेवटी सांगा

'घरात कुणालाच चित्रकलेतलं काही कळत नाही, मग सहा वर्षांच्या मुलीला चित्रं बघायला कशी शिकवू? आणि हस्तकलेला बसवलं की शेवटी सगळं मीच करते,' असं तुम्ही लिहिलंय. पहिली काळजी सोडाच. ज्याला उत्तर आधीच ठाऊक नाही तो मुलाबरोबर खरोखर शोधतो, आणि मुलांना ते लगेच कळतं.

मी सुरुवात केली ती पीटर ब्रॉयगलच्या 'मुलांचे खेळ' या १५६० सालच्या चित्रापासून. मूळ चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यात दोनशेहून जास्त मुलं खेळताहेत. कुणी चाक पळवतंय, कुणी पिंपावर स्वार झालंय, एका कोपऱ्यात आंधळी कोशिंबीर चाललीय. मोठी प्रत काढून माझ्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला लावली आणि चित्रकार, साल, नाव काहीच सांगितलं नाही. एवढंच विचारलं, 'काय चाललंय इथे?' तो काही बोलला की, 'कशावरून वाटलं तुला?' आणि मग, 'अजून काय दिसतंय?' चौथ्या दिवशी त्यानेच मला विचारलं, 'ही मुलं हसत का नाहीत?' मी ते चित्र कितीदा पाहिलं होतं, पण माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. 'छान आहे ना?' असं मात्र विचारू नका. त्यावर मूल 'हो' म्हणतं आणि पुढचं बघणंच थांबतं. एक चित्र दोन आठवडे राहू द्या, नाव त्यानंतर सांगा.

आता हस्तकला. सगळं तुम्हालाच करावं लागतं, कारण बहुतेक वेळा समोर तयार नमुना असतो. मुलीला तो जमत नाही, मग आपला हात पुढे होतो. नमुना काढून टाका. फ्रेंच चित्रकार मातिसने १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, जवळजवळ अंथरुणाला खिळलेला असताना, रंगवलेले कागद कात्रीने थेट कापून चित्रं केली. १९५३ चं 'गोगलगाय' तसंच आहे: रंगीत तुकडे गोल फिरवत मांडलेले, जवळजवळ तीन मीटर लांब-रुंद. तेच घरी करा. एक दिवस नुसते कागद रंगवायचे, दुसऱ्या दिवशी पेन्सिलची रेघ न मारता कापायचे. मांडणी मनासारखी झाली की मगच खळ लावायची.

कात्री बोथट टोकाची पण धारदार पात्यांची घ्या. मुलीचा अंगठा वरच्या बाजूला हवा, आणि वळण कापताना कात्री न फिरवता दुसऱ्या हाताने कागद फिरवायला शिकवा. पातळ कागद दुमडतो, म्हणून जरा जाड कागदाच्या अरुंद पट्ट्यांपासून सुरुवात करा. डावखुरी असेल तर डावखुऱ्यांची कात्रीच आणा. साध्या कात्रीचं वरचं पातं तिला कापायची जागाच दिसू देत नाही, आणि आपण उगीच समजतो की तिला जमत नाही.

माती आणि पुठ्ठ्यावरचं विणकाम नंतर आणा, घाई नको.

तुकडा वाकडा चिकटला तर तो सरळ करू नका, ती झोपल्यावरसुद्धा नाही. सकाळी तिच्या ते लक्षात येतं. त्याऐवजी कामाच्या मागे तारीख घाला आणि ते काय आहे हे ती ज्या शब्दांत सांगेल, त्याच शब्दांत लिहून ठेवा.