फनी करंट मोजताना घाई नको
सायनस नोडच्या (हृदयाचा ठोका सुरू करणाऱ्या भागाच्या) पेशीत एचसीएन४ जनुकाच्या वाहिनीतला ‘फनी’ करंट (व्होल्टेज ऋण झालं की सुरू होणारा विद्युतप्रवाह) मोजायचाय ना? पेशी −35 मिलिव्होल्टवर धर, मग दहा-दहाच्या पायऱ्यांनी −125 पर्यंत ने. द्रावणात 1 मिलिमोलर बेरियम, 2 मिलिमोलर मँगनीज हवंच. नाहीतर पोटॅशियम-कॅल्शियमचे करंट लुडबुडतात. तापमान 35 अंश.

नेहमीची चूक म्हणजे आखूड पल्स, म्हणजे प्रत्येक पायरीवर व्होल्टेज फार थोडा वेळ धरणं. −65 च्या आसपास ही वाहिनी रमतगमत, काही सेकंद घेत उघडते. करंट सपाट होण्याआधी पल्स संपला तर वक्र (कोणत्या व्होल्टेजला किती वाहिन्या उघडतात त्याचा आलेख) उगाच ऋण बाजूला सरकलेला दिसतो, आणि खापर जनुकातल्या बिचाऱ्या म्युटेशनवर (बदलावर)! होल-सेलमध्ये (पिपेटाखालचं पेशीपटल फोडून मोजताना) सायक्लिक एएमपी (वाहिनी उघडायला मदत करणारा पेशीतला रेणू) पिपेटात धुऊन जातं, करंट ओसरतो. अँफोटेरिसिनचा परफोरेटेड पॅच (या औषधाने पटलाला फक्त बारीक छिद्रं पाडून मोजणं) बरा. शेवटी फनी करंट अडवणारं 2 मिलिमोलर सीझियम सोड. ऋण व्होल्टेजवरही करंट मावळला नाही, तर तो फनी नव्हताच.