पेसो, पिनोशे आणि तांबं

प्रश्न : चिलीत पिनोशेच्या हुकूमशाहीने मुक्त बाजारपेठ आणली, ती विचारसरणीपोटी की सत्तेपोटी?

उत्तर : दोन्ही, पण वरचष्मा सत्तेचाच. १९७३च्या लष्करी उठावातून पिनोशे सत्तेवर आला, पण लष्कराकडे स्वतःचा आर्थिक आराखडा नव्हता. महागाई आटोक्यात येईना, तेव्हा १९७५मध्ये शिकागो विद्यापीठात शिकलेल्या, मुक्त बाजारपेठेच्या पुरस्कर्त्या अर्थतज्ज्ञांना मोकळीक मिळाली. सरकारी खर्चाला कात्री लागली, आयातशुल्क १९७९पर्यंत जवळपास सरसकट १० टक्क्यांवर आलं. कामगार संघटना आधीच चिरडलेल्या. विरोध करणार कोण?

पोथीनिष्ठा नडली ती इथे : १९७९मध्ये डॉलरचा दर ३९ पेसोंवर (पेसो म्हणजे चिलीचं चलन) बांधला, पण मजुरी मागच्या महागाईच्या हिशेबाने वाढतच राहिली. आयात स्वस्त झाली, निर्यातदार बुडाले, आणि स्वस्त वाटणारी डॉलरची कर्जं सर्रास उचलली गेली. जून १९८२मध्ये पेसोचं अवमूल्यन करावं लागलं. डॉलरची कर्जं पेसोंच्या हिशेबात फुगली. जानेवारी १९८३मध्ये खासगीकरणाच्या या पुरस्कर्त्या सरकारलाच बड्या बँका ताब्यात घ्याव्या लागल्या.

विचारसरणीची वेस कुठे होती तेही पाहा. १९८१मध्ये निवृत्तिवेतन खासगी कंपन्यांकडे गेलं, पण लष्कर-पोलिसांचं नाही. कोडेल्को ही तांब्याची कंपनीही सरकारीच राहिली. तिच्या निर्यातीच्या उत्पन्नातले १० टक्के थेट लष्कराला मिळत.