चार पदरांचे दोन झाले, पण नोटीस कुठे दिलीत?

पुण्यातल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी ताईंचं पत्र आहे. त्यांच्या दारासमोरचा चारपदरी रस्ता महापालिकेने दुपदरी करायला घेतलाय. उरलेल्या जागेत रुंद पदपथ आणि सायकलसाठी पट्टा. म्हाताऱ्यांना चालता येईल म्हणून निम्मी गल्ली खूश, गाड्या लावायच्या कुठे म्हणून निम्मी चिडलेली. ताई दुसऱ्या निम्म्यातल्या. त्या विचारतात, आम्हाला न विचारता हे करता येतं का, आणि कोर्टातून थांबवता येईल का? अशी पत्रं आता दर दोन-चार महिन्यांनी येतात, गल्लीचं नाव तेवढं बदलतं.

ताई, पहिल्या प्रश्नावर मी वेळ घालवत नाही. सार्वजनिक रस्ता कायद्याने महापालिकेकडे निहित, म्हणजे तिच्या ताब्यात असतो आणि त्यात फेरबदल करायचा अधिकार आयुक्तांना असतो. दारासमोर अमुक इतके पदर हवेतच, असा हक्क कुणालाच नाही. त्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये अडथळा नसलेला पदपथ हा पादचाऱ्याच्या संविधानातल्या अनुच्छेद २१ खालच्या, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग मानलाय. महापालिकेचा वकील हेच आधी वाचून दाखवेल. शिवाय रस्ता चारपदरी होता म्हणता, पण तुम्हीच पाठवलेल्या जुन्या फोटोत दोन पदरांत कव्हर घातलेल्या गाड्या उभ्या आहेत.

तुमचं सगळं अडलंय ते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ वर. महापालिकेने या कायद्याखाली केलेल्या कामाविरुद्ध दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती दिल्यावर पुरा महिना थांबावं लागतं. शिवाय दाव्याला कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. कलमात आणखी एक बारकावा आहे, ज्यात निम्मे लोक अडकतात. नोटीस महापालिकेच्या मुख्य कार्यालयात पोचवायची असते.

तुम्ही काय केलंत? २१२ सह्यांचं निवेदन क्षेत्रीय कार्यालयात दिलंत. आवक शिक्क्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. कार्यालयाचं नाव स्पष्ट वाचता येतं, तारखेवर मात्र शाई फिसकटलेली. खाली लिहिणारे म्हणून ‘समस्त त्रस्त रहिवासी’. ताई, या नावाचा माणूस वादी म्हणून उभा राहू शकत नाही. नोटिशीत दावा लावणाऱ्याचं नाव, पत्ता आणि दाव्याचं कारण लागतं. कोर्टं कधी कधी अशा कागदाकडे उदार नजरेने पाहतात, पण त्या आशेवर मी माझ्या अशिलाला सोडणार नाही.

कर्बस्टोन, म्हणजे पदपथाच्या कडेचे दगड, पहिल्यांदा उतरले ते ६ एप्रिलला, असं तुमच्याच फोनमधला फोटो सांगतो. म्हणजे सहा महिने ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भरतात, आणि त्या आठवड्यात २ तारखेची सुट्टी येते. नोटिशीचा महिना मुदतीतून वगळून मिळतो, असा युक्तिवाद मुदत कायद्याच्या आधारे करता येतो. मला तो पटतो, न्यायाधीशांना पटेलच असं नाही. चार महिने ग्रुपवर आवाज उठवण्यात गेले. आता गणपतीच्या गडबडीत आणखी दोन आठवडे घालवू नका.

नोटिशीत जे कारण मांडलेलं नाही, त्यावर पुढे दाव्यात पुरावा देता येत नाही, असं हेच कलम सांगतं. तुमच्या निवेदनात धुळीपासून पार्किंगपर्यंत अकरा मुद्दे आहेत. पण मला फोनवर जे सांगितलंत, की कोपऱ्यावरच्या नव्या वळणात पाण्याचा टँकरसुद्धा तीनदा मागेपुढे करून वळतो, ते त्यात कुठेच नाही. तुमच्याकडे दम असलेला मुद्दा असेल तर तो हाच. टँकर अडतो तिथे अग्निशमनाचा बंब कसा वळणार? वळणाची रुंदी टेपने मोजा, टेप दिसेल असा फोटो काढा आणि आकडा नोटिशीत घाला. आराखडा आणि अग्निशमन दलाचा अभिप्राय असेल तर तो, हे दोन्ही माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं की झालं. उत्तराला ३० दिवस असतात, म्हणून तोही अर्ज याच आठवड्यात गेला पाहिजे.

उच्च न्यायालयात रिट याचिका केल्यास कलम ४८७ आड येत नाही. पण इतके दिवस काय करत होतात, हा प्रश्न तिथेही येईल. दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मिळेल का? पूर्ण काम थांबेल असं मला वाटत नाही. फार तर त्या कोपऱ्यापुरता दिलासा मिळू शकेल. तोही वेळेत मिळेल याची खात्री देत नाही, कारण महापालिकेचं ‘म्हणणं’, म्हणजे लेखी उत्तर, दाखल व्हायलाच तारखांवर तारखा जातात आणि तोवर काँक्रीट वाळलेलं असतं.

सोसायटीच्या कमिटीचा ठराव करा. नोटीस सोसायटीच्या नावाने आणि दोन-तीन सभासदांच्या स्वतःच्या नावापत्त्यानिशी काढा. एक प्रत स्पीड पोस्टने पाठवा, दुसरी महापालिकेच्या मुख्य इमारतीत हातोहात द्या. शिक्क्यावरची तारीख खिडकीवरच वाचून घ्या. पुसट उमटली असेल तर कारकुनाला पुन्हा मारायला सांगा. तो कुरकुर करेल, करू द्या.