सिम्युलेशनचं पुस्तक डोक्यावरून जातंय

प्रश्न: सर, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर. सिम्युलेशन (खऱ्या कामाची कागदावर किंवा कॉम्प्युटरवर नक्कल करून बघणं) विषय घेतला खरा, पण पुस्तक उघडलं की सुरुवातीलाच प्रोबॅबिलिटीची सूत्रं. सिनियर म्हणतात गाईड वाच, पास होशील. लायब्ररीत जुनी आवृत्ती आहे, नवी परवडत नाही. काय करू?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर: भाऊ, जुनी आवृत्ती बिनधास्त घे. या विषयात लागणारं रांगेचं गणित, म्हणजे कोणाला किती थांबावं लागेल याचं, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या अर्लांगने १९०९ मध्ये मांडलं, ते काय आता शिळं होतंय का. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचं पुस्तक असतं तर मीच म्हटलं असतं नवीन बघ, कारण अजाइल, म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं करून बनवायची पद्धत, तिचा जाहीरनामा २००१ चा, त्याआधीच्या पुस्तकात तो सापडायचाच नाही.

गाईडने पास होशील, पण विषय येणार नाही. सूत्रं सध्या राहू दे, वही घे. कापसाच्या सीझनला जिनिंगवर काट्यापुढे ट्रॅक्टरची लाइन लागते ना, तीच मांड. समज पाच ट्रॅक्टर आले, ०, ४, ६, १३ आणि १५ व्या मिनिटाला, आणि वजनाला लागली ५, ६, ४, ३ आणि ५ मिनिटं. आता प्रत्येकासमोर लिही कधी आला, काट्यावर कधी चढला, कधी उतरला. दुसरा १ मिनिट थांबतो, तिसरा ५, चौथा २, पाचवा ३, म्हणजे एकूण ११ मिनिटं, सरासरी २.२. झालं की सिम्युलेशन! कॉम्प्युटर हेच करतो, फक्त न थकता.

आणि तू जावा भाषेत प्रोग्राम करताना जे क्लास (साचा) आणि ऑब्जेक्ट (त्या साच्यातून काढलेली वस्तू) लिहितोस ना, त्यांचं मूळ पण इथेच आहे बरं का, नॉर्वेत डाल आणि न्यूगार्ड यांनी सिम्युलेशनसाठीच सिम्युला भाषा बनवली आणि सिम्युला ६७ मध्ये क्लास आला. हे मला कॉलेजात कोणी सांगितलंच नाही, सांगितलं असतं तर सिम्युलेशन आणि प्रोग्रामिंग दोन्ही विषय केव्हाच गोडीने वाचले असते.

आता त्याच तक्त्यात दुसरा काटा लावून बघ, कोणालाच थांबावं लागत नाही. पण पाच ट्रॅक्टरवरून जिनिंगवाल्याला दुसरा काटा घ्या असं सांगता येत नाही, त्यासाठी तक्त्यात अशा हजारो गाड्या चालवून बघाव्या लागतात, त्या कधी येतील हे रँडम नंबरवरून, म्हणजे फासा टाकल्यासारख्या कसेही पडणाऱ्या आकड्यांवरून, काढावं लागतं. प्रोबॅबिलिटीचा तो चॅप्टर तेव्हा उघड.