तुझ्या चार फुलस्केप पानांबद्दल

ता. पलूस, जि. सांगली

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं स्पर्धेसाठीचं लोकशाहीवरचं भाषण आजोबांनी परवा आणून दिलं. ‘जरा कडक तपासा’ असा निरोपही दिला. मी 32 वर्षं ग्रामसेवकी केली, मास्तरकी नाही. (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात म्हणे, लोक मात्र अजून ग्रामसेवकच म्हणतात.) त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ तुझ्या सरांवर सोडलं आणि लाल पेन्सिल दुसरीकडंच चालवली. पानं परत मिळाल्यावर एकदम रडायला बसू नकोस. आधी हे पत्र वाच.

पहिल्या ओळीत लिंकन आला. येणारच. नोकरीत जेवढी झेंडावंदनं बघितली त्यातल्या निम्म्या भाषणांत तो पहिल्याच मिनिटाला यायचा आणि नंतर त्याची कुणाला गरज पडायची नाही. राहू दे त्याला. दुसऱ्या पानावर मात्र तुझी लेखणी खरी झाली. तुझी पणजी रात्री इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या तुफान सेनेच्या पोरांसाठी भाकऱ्या थापायची आणि जाळ दिसू नये म्हणून चुलीत वाळल्या शेण्याच घालायची, हे तू लिहिलंस. पण दोन ओळींत उरकलंस. ‘भारतमातेच्या चरणी’ वगैरे जो मजकूर पानभर आहे तो काढ आणि ती जागा पणजीला दे. तिला किती भाकऱ्या लागायच्या, पीठ कुठून यायचं, दार कोण वाजवायचं हे आजीला विचार. तिनं ऐकलेलं असणार.

आता तिसरं पान. तिथं तू लिहिलंयस, ‘पत्री सरकारसारखं सरकार आज पुन्हा यायला हवं, चार भ्रष्टाचाऱ्यांना पत्र्या बसल्या की देश सरळ होईल.’ आणि चौथ्या पानावर, ‘देशाला आता एकच खंबीर हात हवा.’ या दोन वाक्यांखाली मी रेघा ओढल्यात. टाळ्या तुला इथंच पडतील, हे मला माहीत आहे. म्हणूनच जास्त लिहितो.

पत्री हे नाव लोकांच्या जिभेवर घडलं. मूळचं ते प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांच्या सरकारला समांतर असं लोकांनी चालवलेलं सरकार. ‘पायाला पत्रे ठोकायचे’ हे आपल्याकडं ऐकीव आहे. तळव्यांवर काठ्या बसायच्या हे खरं, आणि ते मी झाकत नाही. पण 1943 ते 1946 त्या मंडळींनी नुसता मार दिला असता तर गावोगावच्या बायकांनी जिवावर उदार होऊन भाकऱ्या कशाला थापल्या असत्या? सांगली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता, यातला बराचसा भाग सातारा जिल्ह्यात आणि बाकीचा संस्थानांत. त्यात गावोगाव न्यायदान मंडळं बसली. बांधाचे तंटे, सावकाराच्या घशात गेलेली जमीन, टाकून दिलेली बायको, असल्या गोष्टींचा निवाडा गावातच, लोकांसमोर व्हायचा. हुंड्याशिवाय, थोडक्या खर्चात गांधी विवाह लागायचे. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ पगाराची रोकड नेणारी गाडी लुटली, ते सगळ्या पोरांना पाठ असतं, तुलाही आहे. न्यायदान मंडळ मात्र तुझ्या भाषणात नावालाही नाही. मला विचारशील तर खरी कमाई तीच होती.

आणि ते सरकार कुणाविरुद्ध उभं होतं? जे आपण निवडलं नव्हतं आणि आपल्याला मत देऊन पाडताही येत नव्हतं, त्याच्याविरुद्ध. 25 नोव्हेंबर 1949 ला डॉ. आंबेडकर घटना समितीत शेवटचं मोठं भाषण करायला उभे राहिले. तेव्हा त्यांनी हेच सांगितलं की सनदशीर वाट बंद होती तोवर दुसरे मार्ग समजण्यासारखे होते, आता वाट उघडली आहे, तेव्हा ते मार्ग सोडले पाहिजेत. त्यात त्यांनी सत्याग्रहही धरला होता. त्यावर वाद घालायला जागा आहे आणि मी स्वतः पाण्यासाठी दोनदा रस्त्यावर बसलेलो आहे, पण आधी म्हणणं नीट ऐकून घ्यावं. साताऱ्याच्या ज्या शाळेत त्यांचं नाव 7 नोव्हेंबर 1900 ला घातलं त्या प्रतापसिंह हायस्कूलवरून तू एसटीनं कितीदा गेली असशील. त्याच भाषणात त्यांनी भक्तीबद्दलही बजावलंय. धर्मात भक्तीनं आत्म्याला मोक्ष मिळत असेल, राजकारणात ती अधोगतीकडं नेते, असा त्याचा आशय. तुझा ‘खंबीर हात’ इथं अडकतो.

प्रतिसरकारचे पुढारी क्रांतिसिंह नाना पाटील यांचं पुढं काय झालं तेही तुझ्या पानांत यायला हवं. येडेमच्छिंद्रचा हा माणूस. त्याच्या नावानं सावकार रात्री दाराला दोन कड्या घालायचे. तो स्वातंत्र्यानंतर निवडणुकीला उभा राहिला, लोकांपुढं मतं मागायला गेला, 1957 ला साताऱ्यातून लोकसभेवर गेला आणि 1967 ला पार बीडमधून. हातात काठी असलेला माणूस हात जोडून दारात आला. यात त्याचा कमीपणा झाला असं तुला वाटतं का? थोडा विचार कर, मला लगेच उत्तर नको.

खंबीर हाताचंच म्हणशील तर प्रतिसरकारचं ठाणं असलेलं कुंडल तेव्हा कुणाच्या राज्यात होतं, माहीत आहे? औंधच्या. तिकडं आटपाडीही त्यांचीच. औंध संस्थान म्हणजे सगळं मिळून 72 गावं. राजा भवानराव पंतप्रतिनिधी. सगळी सत्ता एका हातात आणि तो हात चांगलाही होता. चित्रकार माणूस, सूर्यनमस्कारांचं वेड, किर्लोस्करांना माळावर कारखान्यासाठी जागा देणारा. तुला हवा तसलाच राजा म्हण ना! त्यानं 1938 साली सांगितलं की सत्ता रयतेला देतो. गांधीजींच्या सल्ल्यानं, मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरच्या आणि राजपुत्र अप्पासाहेब पंतांच्या खटपटीनं जानेवारी 1939 मध्ये औंधची स्वराज्य घटना झाली. खाली गावानं निवडलेली पाच जणांची पंचायत आणि तिच्यावरून वर चढत जाणारा कारभार. चांगल्या राजालाही कळलं की आपल्या चांगुलपणाच्या भरवशावर 72 गावं ठेवणं बरं नव्हे. माझ्यानंतर कोण, हा प्रश्न त्याला पडला. तुझ्या चौथ्या पानाला तो पडलेला नाही.

एक बारकावा आणखी. औंधला मत द्यायला लिहिता-वाचता यावं लागायचं. स्वतंत्र भारतानं ती अट ठेवली नाही. 1951 च्या जनगणनेत शंभरातल्या जेमतेम 18 जणांना अक्षरओळख होती, आणि तरी पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत अंगठेबहाद्दरांनाही टाटा-बिर्लांएवढंच एक मत मिळालं. मला या गोष्टीचा अभिमान झेंड्याइतकाच वाटतो.

अंगठ्यावरून माझी गोष्ट सांगतो. ही तुझ्या भाषणात घालू नकोस, तुझ्यापुरती ठेव.

पहिल्या नेमणुकीचं गाव. नाव लिहीत नाही. ग्रामसभेला गणपूर्ती लागते. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी असेल तो आकडा. 11 ची सभा, साडेअकराला चावडीत सरपंच, मी, शिपाई आणि गार फरशीवर झोपायला आलेला एक म्हातारा. ‘भाऊसाहेब, वही फिरवा,’ सरपंच म्हणाले. म्हणजे शिपायानं हजेरीची वही घेऊन घरोघर जायचं, सह्या-अंगठे गोळा करायचे आणि मी सभा झाली असं लिहायचं. सगळीकडं चालतं, आपणच कशाला अडवा, म्हणून मी वही दिली. चुकलोच, आणि एकदा नाही.

तिसऱ्या का चौथ्या खेपेला शिपाई वही घेऊन परत आला. वेशीजवळच्या एका म्हातारीनं अंगठा द्यायला नकार दिला होता. निराधाराचं अनुदान अडेल म्हणून त्यानं भीती घातली, तरी नाही. मीच गेलो. शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “मी आलेच न्हाई तर अंगठा कशाचा? काय ठरलं ते तरी सांगा, मग बगू.” काय ठरलं होतं हे मलाही ठाऊक नव्हतं, कारण ते मी संध्याकाळी लिहिणार होतो. शाईचं पॅड हातात तसंच घेऊन उभा राहिलो. तिनं शेंगांची मूठ पुढं केली, ती घेतली आणि परत आलो. त्या दिवशीची सभा तहकूब लिहिली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळं पुढच्या खेपेला सात माणसांत झाली. पण त्या सात जणांत ती होती.

नंतरच्या एका गावात पाण्याच्या टाकीचा विषय आला. टाकी गावठाणात बांधायची की वरच्या माळावर? गावठाणात बांधली तर मळ्यातल्या वस्तीला पाणी चढणार नाही, असं एकच माणूस म्हणत होता. शिकलेला नव्हता, विहिरी खणायचा. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, ‘लिहा भाऊसाहेब, सर्वानुमते मंजूर.’ मी ‘सर्वा’ एवढं लिहिलंही होतं. तेवढ्यात तो उठला आणि म्हणाला, “माझा इरोध हाय. तेवडा वहीत घ्या.” सभेत शांतता. सरपंचांनी माझ्याकडं बघितलं, मी वहीकडं. मग ‘सर्वा’ खोडून ‘बहुमताने’ केलं आणि खाली त्याचं नाव, विरोध, कारण असं तीन ओळींत लिहिलं. खोडलेल्या जागी माझी सही आहे अजून.

टाकी गावठाणातच झाली. वस्तीला पाणी चढलं नाही, पुढं बरीच वर्षं टँकर जात होता. त्याच्या तीन ओळींनी काही फरक पडला नाही, हे तुला स्पष्ट सांगतो, नाहीतर तू त्याची बोधकथा करशील. मला लक्षात राहिलं ते वेगळंच. पुढच्या ग्रामसभेला तो पुन्हा आला, त्याच खांबाला टेकून बसला. आणि ज्यांनी त्याला हसलं होतं त्यातल्या एकानं सरकून त्याला सतरंजीवर जागा दिली. लोकशाही म्हणजे काय, असं तू विचारलंयस ना पहिल्या पानावर? मला ती सतरंजी दिसते. हरलेला माणूस घरी रुसून बसला नाही आणि जिंकलेल्यानं त्याला गावाबाहेर काढला नाही. यातलं एक जरी बिघडलं तर मतदान कितीही टक्के झालं तरी उपयोग नाही.

तू भाषणात म्हणतेस की विरोध करणारे देशाच्या आड येतात. त्या विहीरवाल्याला हे वाक्य वाचून दाखवशील का? मला तरी धीर झाला नसता.

देशप्रेमाला माझी हरकत नाही, तुझ्या वयाला ते गरमच असावं. फक्त ते कुठं खर्च करायचं याची जागा तू चुकलीस असं वाटतं. ज्या कामाला फोटो नाही, टाळी नाही, आणि दोन तास कंटाळा आहे, तिथं ते कमी पडतं. ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक मागून बघ. मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज कर, 10 रुपये लागतात, उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. आमच्या खात्यातले लोक अशा अर्जाला वैतागतात. मीही वैतागायचो. तरी कर.

आणि मुख्य गोष्ट विचारायची राहिली. मतदार यादीत तुझं नाव आहे का? आजोबांना विचारलं तर ते डोकं खाजवायला लागले. अठरा पूर्ण होऊन सहा महिने झाले की तुला! आमच्या वेळी एकवीसपर्यंत थांबावं लागायचं. तुला बसल्या जागी मिळतंय तर नाव नोंदवायचा नमुना 6 भरायला कसला मुहूर्त बघतेस? होस्टेलवर राहतेस म्हणून टाळू नकोस. यादीत नाव नसेल तर ग्रामसभेत तू फक्त पाहुणी. बसून ऐकता येईल, हात वर करता येणार नाही.

तुझी स्पर्धा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आहे आणि गावची ग्रामसभा 15 तारखेला. भाषणाचा नवा खर्डा ग्रामसभा झाल्यावर लिहायला घे, आधी नको. यावेळी स्मशानभूमीच्या रस्त्याचा विषय आहे, म्हणजे वाद होणार. झेंडावंदन झालं की बहुतेक माणसं जिलेबी घेऊन पांगतात, तू थांब. आजीलाही थांबव. येताना तिचा चष्मा विसरू नका, फलकावर विषयपत्रिका फार बारीक अक्षरात लावलीय.

तुझा,
आबा