केमोच्या खुर्चीत सोसत बसू नये : अंडाशयाच्या कर्करोगाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आदरणीय डॉक्टर, सादर नमस्कार. माझी आई ६१ वर्षांची असून तिला मधुमेह आहे. अंडाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर तिला दर २१ दिवसांनी पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही औषधे शिरेतून देतात. दुसऱ्या सायकलला, म्हणजे औषधांच्या दुसऱ्या फेरीला, पॅक्लिटॅक्सेल सुरू होऊन पाच-सात मिनिटे होतात न होतात तोच तिची कंबर विलक्षण दुखू लागली, चेहरा लाल झाला आणि श्वास कोंडला. सिस्टरांनी बाटली ताबडतोब बंद केली, इंजेक्शने दिली आणि आराम पडल्यावर तेच औषध हळू गतीने लावून पूर्ण केले. घरी आल्यावर आईने कबूल केले की, साखर वाढते म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या तिने घेतल्याच नव्हत्या. आता ती पुढच्या वेळी जायलाच तयार नाही. औषध बदलून मागावे का? शेजारच्या काकूंनी गुळवेलीचा काढा सुचवला आहे, तो द्यावा का? आणि घरात माझा दोन वर्षांचा मुलगा आहे, त्याला आजीपासून दूर ठेवावे का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या आईंना जे झाले ते भीतीदायक होते यात शंका नाही, पण त्यामुळे उपचारच सोडून देण्याची वेळ आलेली नाही. पॅक्लिटॅक्सेल हे औषध मुळात पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून मिळाले आणि १९९२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून देतात. शरीर बहुतेक वेळा बिथरते ते या द्रावकामुळे, आणि तेही प्रामुख्याने पहिल्या किंवा दुसऱ्या सायकलच्या पहिल्या दहा मिनिटांत. आईंची कंबर अचानक दुखू लागली, हे या प्रतिक्रियेचे ठरलेले लक्षण आहे. पण खुर्चीत फार वेळ बसल्यामुळे पाठ आखडली असेल असे समजून अनेक बायका ते कोणाला सांगतच नाहीत.

ही प्रतिक्रिया टाळण्यासाठीच स्टिरॉइड, अ‍ॅलर्जीविरोधी औषध आणि आम्लपित्ताचे औषध आधी दिले जाते. जुन्या पद्धतीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडच्या गोळ्या पॅक्लिटॅक्सेलच्या १२ तास आणि ६ तास आधी घ्यायच्या असतात. म्हणजे सकाळी दहाला बाटली लागणार असेल, तर रात्री दहाला एकदा आणि पहाटे चारला दुसऱ्यांदा. काही रुग्णालये त्याऐवजी अर्धा तास आधी शिरेतूनच स्टिरॉइड देतात. तुमच्या रुग्णालयात गोळ्यांची पद्धत असेल, तर पहाटेचा गजर आईंनी नव्हे, तुम्ही लावा आणि गोळी स्वतःच्या हाताने द्या. साखर वाढते हे त्यांचे म्हणणे खरे आहे. त्यावर उपाय मात्र गोळी टाळणे हा नव्हे. ते दोन-तीन दिवस ग्लुकोमीटरवर साखर तपासून, मधुमेहाच्या औषधाची मात्रा डॉक्टरांना विचारून तेवढ्यापुरती वाढवता येते. गोळ्या चुकल्याची गोष्ट तुम्ही अजून डॉक्टरांना सांगितलेली नसेल, तर आजच सांगा, कारण त्यांचा पुढचा सगळा निर्णय त्यावर ठरणार आहे. गोळ्या घेऊनही प्रतिक्रिया आली असती तर तिचा अर्थ वेगळा लावावा लागला असता. या वेळी प्रतिक्रिया आटोक्यात आली आणि हळू गतीने औषध पूर्णही झाले, ही मोठी जमेची बाजू आहे. पुढच्या वेळी पूर्वतयारी चोख ठेवून तेच औषध देता येण्याची शक्यता चांगली आहे. रक्तदाब कोसळण्याइतकी तीव्र प्रतिक्रिया झाली, तर मात्र ते पुन्हा देत नाहीत आणि एरंडेलाचा द्रावक नसलेले, अल्ब्युमिन या प्रथिनाशी जोडलेले पॅक्लिटॅक्सेल किंवा अन्य औषध निवडतात. ही निवड तुमच्या डॉक्टरांचीच आहे. ती परस्पर मागणे किंवा नाकारणे योग्य नाही.

बाटली सुरू होण्यापूर्वी आईंना एवढेच सांगा की, पहिली पंधरा मिनिटे डोळे मिटून पडायचे नाही आणि अंगात काहीही वेगळे जाणवले तर त्याच क्षणी सिस्टरांना हाक मारायची. आपल्याकडच्या या वयाच्या बायकांना सोसायची इतकी सवय असते, की हाक मारणे म्हणजे सिस्टरांना त्रास देणे असे त्यांना वाटते. शिरेच्या जागी आग होणे किंवा फुगणे हेही तितक्याच तातडीने सांगायचे असते, कारण औषध शिरेबाहेर झिरपले तर तिथल्या त्वचेला इजा होते. ती जागा चोळू नये.

औषध साध्या नळीतून न देता वेगळ्या, गाळणी बसवलेल्या नळीतून देतात. साध्या पीव्हीसी प्लास्टिकच्या नळीतील रसायन त्या द्रावकामुळे सुटून रक्तात जाऊ शकते, म्हणून बिलात हा वेगळा संच दिसला तर तो अनावश्यक खर्च समजू नका.

कार्बोप्लॅटिनचा डोस ठरवताना मूत्रपिंडाची क्षमता पाहावी लागते. ती वय, वजन आणि रक्तातील क्रिएटिनिन या घटकाच्या प्रमाणावरून काढतात. म्हणून रक्ताचा अहवाल ताजाच हवा, वजन दर वेळी नव्याने करायला हवे, आणि मधल्या काळात उलट्या-जुलाब झाले असतील किंवा अंगदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेतल्या असतील तर ते आवर्जून सांगायला हवे.

गुळवेल देऊ नका. काकूंचा हेतू चांगलाच असणार, पण गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती, आणि पॅक्लिटॅक्सेलचा निचरा यकृतातूनच होतो. यकृत थकलेले असेल, तर औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते आणि त्याचे दुष्परिणाम वाढतात.

नातवाला दूर ठेवण्याचे काहीच कारण नाही. आजीने त्याला खुशाल मांडीवर घ्यावे. काळजी घ्यायची ती केमोनंतरचे पहिले ४८ तास लघवी, शौच आणि उलटी यांची : झाकण लावून दोनदा फ्लश करावा, साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि खराब झालेले कपडे वेगळे धुवावेत. मुलाला सर्दी-ताप असेल तेव्हा मात्र आजीला त्याच्यापासून जपावे.

आणखी एक गोष्ट, तुम्ही विचारलेली नसली तरी. बोटांना मुंग्या येतात का, हे आईंना विचारताना 'मुंग्या येतात का' असे विचारू नका. 'कानातल्याची फिरकी लावता येते का' असे विचारा. माझ्या एका रुग्णबाई दर वेळी 'सगळे ठीक आहे' म्हणत, आणि एके दिवशी त्यांच्या कानांत काहीच नव्हते म्हणून चौकशी केली, तेव्हा कळले की महिनाभर फिरकी बोटांत धरताच येत नव्हती. पॅक्लिटॅक्सेलमुळे मज्जातंतूंना होणारी ही इजा वेळेवर कळली तर डोस कमी करता येतो. तोवर गरम तव्यापासून आणि न्हाणीघराच्या ओल्या फरशीपासून सांभाळायला हवे, कारण पायांनाही जमीन नीट कळत नाही.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी माझ्या सहा सायकल पूर्ण झाल्या. आता आजार उलटल्यामुळे कार्बोप्लॅटिन पुन्हा सुरू झाले आहे. या खेपेचा दुसरा डोस चालू असताना तळहातांना खाज सुटली. थोड्या वेळाने ती थांबली, म्हणून मी कोणाला बोलले नाही. हे सांगण्याजोगे आहे का? — एक वाचक, गोरेगाव

उत्तर : होय, आणि पुढच्या तारखेची वाट न पाहता उद्याच फोन करून सांगा. पॅक्लिटॅक्सेलची प्रतिक्रिया सुरुवातीलाच येते, तर कार्बोप्लॅटिनची उशिरा येते, कारण औषध अनेकदा मिळाल्यावर शरीर त्याला ओळखू लागते. सहा डोसांनंतर हा धोका वाढतो, आणि तुमचा हा एकंदर आठवा डोस होता. तळहातांची खाज ही बहुधा त्याची पहिली सूचना असते, आणि पुढच्या वेळी प्रतिक्रिया बरीच तीव्र होऊ शकते. आधी कळले, तर डॉक्टर औषध बदलू शकतात किंवा अत्यल्प मात्रेपासून टप्प्याटप्प्याने वाढवत, कडक देखरेखीखाली तेच औषध देऊ शकतात. यापूर्वी सगळे डोस निर्धोक गेले म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

प्रश्न : केमोनंतर दहाव्या दिवशी रात्री पत्नीला ताप आला. बाहेर मुसळधार पाऊस होता, वाटेत दादरजवळच्या हिंदमाताला पाणी भरल्याचे कळले होते. म्हणून पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबलो. ताप उतरला होता. आमचे चुकले का? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : तुमची अडचण मी समजू शकते, पण पुन्हा असे थांबू नका. केमोनंतरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी कमी होतात आणि अशा वेळी जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक असेल, तर रुग्णालयात पोहोचल्यापासून साधारण तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, संसर्ग उतरत नाही. म्हणून आधी थर्मामीटर लावावा, आकडा लिहून ठेवावा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी देऊ नये. पावसाळ्यात प्रत्येक ताप 'व्हायरल' किंवा मलेरियाचा समजला जातो, ही चूक या रुग्णांच्या बाबतीत फार महागात पडते.

तुमचे नेहमीचे रुग्णालय परळला असेल आणि रस्ते बंद पडण्याची भीती असेल, तर घरापासून चालत किंवा टॅक्सीने गाठता येईल असे, रात्री आपत्कालीन विभाग सुरू असणारे रुग्णालय कोणते, हे तुमच्या डॉक्टरांना आजच विचारून ठरवा. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत औषधांची नावे, शेवटच्या केमोची तारीख आणि केमो विभागाचा फोन नंबर लिहा. मध्यरात्री दारात आलेल्या तापाच्या रुग्णाला पाहणाऱ्या तरुण डॉक्टरला तुमच्या पत्नीचा आजार ठाऊक नसतो. म्हणून नाव-गाव सांगण्याआधी तुमचे पहिले वाक्य हेच असू द्या, की हिला दहा दिवसांपूर्वी केमो दिली आहे.