‘नव्वद नंबर टाका’ म्हणजे नेमकं कोणतं? जुन्या आलिशान गाड्यांच्या डिफरन्शियल ऑइलची प्रश्नोत्तरे

नागपुरात उन्हं तापायला लागली की डिफरन्शियल ऑइलबद्दलचे, म्हणजे इंजिनची ताकद दोन चाकांत वाटून देणाऱ्या गेअरसंचाच्या ऑइलबद्दलचे, प्रश्न वाढतात आणि दर वर्षी तेच तेच येतात. विचारणाऱ्याला बहुधा कुणीतरी आधीच काहीतरी सांगितलेलं असतं, आमच्याकडून त्यावर फक्त शिक्का हवा असतो. तो इथे मिळेलच असं नाही.

प्रश्न : १९९६ ची मर्सिडीज ई २२० (डब्ल्यू १२४) आहे. दुकानदार विचारतो, जीएल-४ देऊ की जीएल-५? (धंतोली)

डिफरन्शियलसाठी जीएल-५ (जीएल म्हणजे गेअर ऑइलचा दर्जा), ग्रेड, म्हणजे जाडी, ८५डब्ल्यू-९०. बाटलीवर मर्सिडीजच्या २३५.० या शीट क्रमांकाची मान्यता छापलेली असेल तर उत्तमच. साधारण १.१ ते १.३ लिटर लागतं, हाउसिंगप्रमाणे, म्हणजे डिफरन्शियलच्या पेटीप्रमाणे, फरक पडतो, म्हणून दोन लिटर घ्या. उरलेलं ऑइल मात्र ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून गेअरबॉक्समध्ये ओतू नका. त्या काळच्या मर्सिडीजच्या मॅन्युअल गेअरबॉक्सला जाड गेअर ऑइल लागतच नाही, एटीएफसारखं (ऑटोमॅटिक गेअरबॉक्सचं) पातळ ऑइल लागतं. शिवाय जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसचं प्रमाण जीएल-४ च्या जवळपास दुप्पट असतं. गेअरबॉक्समधल्या, गेअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना ते मानवत नाही.

प्रश्न : गॅरेजवाले म्हणतात, नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत) नव्वद नंबर पाण्यासारखं पातळ होतं, नागपूरला एकशेचाळीसच हवं. मागच्या वर्षी टाकलं, तर मागून येणारा ‘ऊंऽऽ’ आवाजही कमी झाला. हेच चालू ठेवू का? (मानेवाडा)

नको. आणि आवाज कमी झाला यातच खरी गोम आहे.

गेअर ऑइलवरचा ९० किंवा १४० हा आकडा १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या जाडीचा असतो. नव्वद म्हणजे १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स (जाडीचं एकक), एकशेचाळीस म्हणजे २४ ते ३२.५. इंजिन ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे, तिथल्या ४०-५० च्या आसपास गेअर ऑइलचं नव्वद बसतं. ते काही भयंकर जाड ऑइल नव्हे. आता मुद्दा असा, की मोजमापच १०० अंशांना झालंय. बाहेर ४६ अंश असोत की ३०, रस्त्यावर धावताना डिफरन्शियलच्या आतलं ऑइल त्याहून कितीतरी जास्त तापतं. नागपूरचा मे महिना त्यात काही अंशांची भर घालतो, ऑइलचं पाणी करत नाही. जर्मनीतला माणूस भर उन्हाळ्यात ऑटोबानवर १८० ने गाडी हाणतो, तेव्हा त्याचंही ऑइल असंच तापतं. गाडीच्या कंपनीने ते धरूनच नव्वद लिहिलेलं असतं.

जाड ऑइल टाकल्याने उलट उष्णता वाढते. क्राउन व्हील, म्हणजे आतलं मोठं दातेरी चक्र, ऑइलमध्ये अर्धवट बुडून फिरत असतं. जितकं जाड ऑइल, तितकं ते घुसळायला जास्त जोर, तितकी जास्त उष्णता आणि तितकं पेट्रोल. समृद्धीवर तासभर १२० ने गेलात की हा हिशेब पुरा होतो. त्यात पिनियनच्या, म्हणजे क्राउन व्हीलला फिरवणाऱ्या छोट्या गेअरच्या, पुढच्या बेअरिंगला बहुतेक गाड्यांत वेगळा पंप नसतो. क्राउन व्हीलने उडवलेलं ऑइल एका खाचेतून तिथपर्यंत जातं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ८-१० अंशांवर असताना एकशेचाळीस तिथे उशिरा पोचतं, आणि तेवढा वेळ बेअरिंग कोरडंच फिरतं.

आता आवाज. क्राउन-पिनियनचे दात झिजले किंवा बेअरिंग ढिलं झालं की गाडी गुरगुरते. जाड ऑइल त्यावर गोधडी टाकतं, झीज आत चालूच राहते. जुनी गाडी विकताना हाउसिंगमध्ये लाकडाचा भुसा भरण्याची युक्ती याच जातीची. ‘आवाज बंद’ म्हणून मिळणाऱ्या महागड्या बाटल्याही त्याच भावकीतल्या. ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवाज वाढतो आणि सोडल्यावर बदलतो का, ते पाहा. तसं असेल तर दात. दाबा-सोडा, काही फरक नाही, फक्त वेगाबरोबर चढतो, तर बेअरिंग, बऱ्याचदा चाकाचं. यानंतर डायल गेज लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजणाऱ्या माणसाकडेच जा. कानाने निदान करून दुसरी बाटली विकणाऱ्याकडे नको.

एक अपवाद आहे. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये तापमानाप्रमाणे ग्रेडचा तक्ता असतो आणि जड भार ओढणाऱ्या गाड्यांना त्यात १४० ची मुभा असते. तुमच्या तक्त्यात असेल तर खुशाल टाका. दुसरी गोष्ट, २००५ पर्यंत ९० ची मर्यादा थेट २४ सेंटिस्टोक्सपर्यंत होती. त्या वर्षी वरचा भाग काढून ११० हा नवा ग्रेड केला. त्यामुळे जुन्या मॅन्युअलमधल्या ‘एसएई ९०’ (एसएई ही हे ग्रेड ठरवणारी संस्था) मध्ये आजचं ११० ही बसू शकतं. थोडं जाड हवंच असा सल्ला जाणकाराने दिला, तर ११० पर्यंत बोलणी करा, १४० पर्यंत नाही.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. ७५डब्ल्यूची परीक्षा उणे ४० अंशांना होते, ८५डब्ल्यूची उणे १२ ला. नागपुरात त्यावरून भांडण्यात अर्थ नाही.

प्रश्न : इतवारीत सुटं नव्वद नंबर स्वस्त मिळतं. चालेल का?

नाही. नव्वद ही जाडी झाली, जीएल-५ ही लायकी. पिपातल्या ऑइलला लायकीचा दाखला नसतो. मागच्या डिफरन्शियलमधल्या हायपॉइड गेअरमध्ये पिनियन क्राउनच्या मध्यरेषेखाली बसतो, म्हणून दात एकमेकांवर नुसते गडगडत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. गंधकाचा थर नसेल तर धातूवर धातू.

प्रश्न : २००८ ची बीएमडब्ल्यू थ्री सीरीज, १ लाख ३० हजार किलोमीटर. सर्व्हिसवाले म्हणतात डिफरन्शियल ऑइल ‘लाइफटाइम’ आहे, कधी बदलायचं नाही. (सिव्हिल लाइन्स)

कुणाचं लाइफ, ते विचारा. गाडीच्या कंपनीचा हिशेब पहिल्या मालकाच्या वर्षांवर असतो, तुमचा नाही. हीच कंपनी आपल्या एम या वेगवान मॉडेलांचं डिफरन्शियल ऑइल सुरुवातीच्या दोनेक हजार किलोमीटरनंतरच बदलायला लावत होती. म्हणजे ऑइलमध्ये धातूचा चुरा जमतो, हे त्यांना चांगलंच ठाऊक आहे. बदलून घ्या, ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक जीएल-५. हाउसिंगवर ऑइलचा स्टिकर शाबूत असेल तर आधी तो वाचा.

या पिढीतल्या काही हाउसिंगना खालचा ड्रेन प्लगच नसतो, वरच्या भोकातून पंपाने ऑइल ओढून काढावं लागतं. ‘काढलं’ म्हणून अर्धंच ओढणारे असतात. निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात तुमच्यासमोर मोजायला सांगा.

लिमिटेड स्लिप, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं डिफरन्शियल, आहे का, हेही एकदा ठरवून घ्या. डॅशबोर्डवर ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा आहे म्हणजे लिमिटेड स्लिप आहे, ही ऐकीव गोष्ट. ट्रॅक्शन कंट्रोल ब्रेक लावून किंवा इंजिनची ताकद कमी करून काम करतं, त्याचा या ऑइलशी संबंध नाही. दोन्ही मागची चाकं उचलून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट फिरलं तर बहुधा साधं डिफरन्शियल. त्याच दिशेला फिरलं तर क्लच प्लेटवालं, त्याला फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांचं घर्षण नीट ठेवणारा घटक) असलेलंच ऑइल लागतं, नाहीतर पार्किंगमध्ये वळताना मागून खडखडतं. बाटलीवर ‘एलएस’ लिहिलं असेल तर मॉडिफायर आत असतो, वरून पुन्हा घालायचा नाही. शंका असेल तर चेसिस नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमध्ये तपासून घ्या.

प्रश्न : जुन्या होंडा अकॉर्डचं डिफरन्शियल ऑइल मिस्त्रीला सापडत नाही.

सापडणार नाही. इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाणाऱ्या गाडीत डिफरन्शियल गेअरबॉक्सच्याच पोटात असतं, तेच ऑइल दोघांना. काही जुन्या युरोपियन ऑटोमॅटिकांत मात्र दोन्ही वेगळी असतात, तिथे मॅन्युअल पाहिल्याशिवाय प्लग उघडू नका.

प्रश्न : सप्टेंबर २०२३ च्या पुरात गाडी अंबाझरी लेआउटमध्ये सीटपर्यंत पाण्यात होती. तेव्हा इंजिन आणि गेअरबॉक्सचं ऑइल बदललं. आता मागून किरकिर येते.

डिफरन्शियलचं राहिलं, असं दिसतं. ते तेव्हाच बदलायला हवं होतं, त्याच आठवड्यात. हाउसिंगवर एक छोटा ब्रीदर, म्हणजे हवा जाण्या-येण्याचं भोक, असतो, गाडी तासन् तास बुडाली की पाणी तिथून आणि सीलमधून आत शिरतं. फिलर प्लग काढून बोट घाला. ऑइल दुधाळ-करडं असेल तर पाणी आहेच. स्वच्छ दिसलं तरी सुटका नाही, तळाला बसलेल्या पाण्याने बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे खड्डे पाडलेले असू शकतात. नुसतं ऑइल बदलून ही किरकिर जाणार नाही. हाउसिंग उघडून तपासणी करा, या महिन्यातच. पुढच्या पावसाळ्यात ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी लगेच ऑइल बदलावं, शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा बदलावं आणि ब्रीदर साफ करावा.

ब्रीदर धुळीनेही बुजतो. मग आतला दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो, आणि लोक सील बदलत बसतात. सील बदलायचंच असेल तर पिनियनचा नट जोर लावून आवळणाऱ्याला गाडी देऊ नका. बऱ्याच गाड्यांत त्याखाली दबणारा स्पेसर असतो, जास्त आवळला की बेअरिंगचा प्रीलोड (ठरवून दिलेला दाब) बिघडतो आणि शंभर-दोनशे रुपयांच्या सीलपायी डिफरन्शियल उघडायची वेळ येते.

प्रश्न : डब्ल्यू १२४ चं ऑइल घरीच बदलायचं आहे. (वर्धमाननगर)

जमेल, पण गाडीची पुढची आणि मागची बाजू सारखी उचललेली हवी. नुसता मागचा भाग उचलला तर लेव्हल चुकते. स्टँड लावल्याशिवाय, केवळ जॅकवर असलेल्या गाडीखाली जायचं नाही. आधी आठ-दहा किलोमीटर चालवून ऑइल कोमट करा. प्लगला १४ मिलिमीटरची ॲलन की लागते, आतली माती खरवडून ती पूर्ण बसवा, नाहीतर कडा झिजतील.

वरचा फिलर प्लग आधी उघडा. तो उघडला नाही तर तिथेच थांबा आणि गाडी गॅरेजला न्या. खालचा आधी काढून बसलात तर ऑइल गेलेलं, भरायला भोक नाही. निघालेल्या ऑइलला आणि प्लगला करडं मेणासारखं किट चालतं. नखाएवढे तुकडे किंवा सुईसारखे काप दिसले तर ते जपून ठेवा आणि जाणकाराला दाखवा. रॉकेल किंवा डिझेलने आत ‘फ्लश’ करू नका. ते पूर्ण निघत नाही, नवं ऑइल पातळ करतं. प्लग पुसून बसवा, पंपाने भरा, वरच्या भोकाच्या खालच्या कडेवरून ओघळायला लागलं की थांबा. जास्त भरलेलं ऑइल ब्रीदरमधून बाहेर येईल. प्लग मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. जुनं ऑइल नालीत ओतू नका, वापरलेलं ऑइल घेणाऱ्या नोंदणीकृत माणसाला द्या.

प्रश्न : उरलेलं अर्धं लिटर दुसऱ्या कंपनीच्या ऑइलमध्ये मिसळलं तर?

ग्रेड आणि जीएल-५ सारखं असेल तर लेव्हल भरण्यापुरतं चालेल. मात्र मुळात लेव्हल कमी का झाली, ते आधी शोधा.